जोडीच्या बॅटऱ्या

ट्रक घेताना वहिनींनी टायर पाहिले, ब्रेक पाहिले, हौद्याच्या पत्र्यावर टाच आपटून पाहिली आणि विकणाऱ्याचा चेहराही निरखून पाहिला. बॅटरी बघायचं मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सेल्फ मारला, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आता तीन महिने झाले होते.

त्यांना सगळेच वहिनी म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. चौदा वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. मग शाळेने बसचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि वहिनी घरी बसल्या. घरी बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ‘ही झोपेत गिअर बदलते, माझ्या बरगड्या मोडतील,’ असं त्यांचे यजमान शेजारपाजारी सांगू लागले. त्याच सुमाराला यजमानांची थोरली बहीण, म्हणजे वहिनींच्या वन्सं, ज्या काचसामानाच्या दुकानात होत्या ते दुकानही बंद झालं. तीस वर्षं वन्संनी कपबश्या, झुंबरं आणि आरसे कागदात गुंडाळण्यात घालवली होती. एकीला चालवता येतं, दुसरीला गुंडाळता येतं, तेव्हा लोकांची घरं हलवून द्यायचा धंदा करू, असं दोघींनी ठरवलं. यजमान म्हणाले, ‘माझं घर तर तुम्ही दोघींनी केव्हाच हलवून सोडलंय. आता जगाचं हलवा.’

ट्रक जुना होता, पण मागे विजेवर चालणारी लिफ्ट होती. बटण दाबलं की कपाट, फ्रीज, काय ते सामान आपसूक हौद्याच्या उंचीला जायचं. दोन बायकांना याहून मोठा गडी कोण मिळणार? विकणारा माणूस पासष्टी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा. बावीस वर्षं त्याने एकट्याने ती गाडी चालवली होती आणि ड्रायव्हर लोक त्याला उस्ताद म्हणायचे. गुडघे गेले म्हणून विकतोय, एवढंच तो म्हणाला. पैसे घेतले, किल्ली दिली, ‘सांभाळा’ म्हणाला आणि वळूनही न बघता चालायला लागला. वन्संना ते तेव्हाच खटकलं होतं. ‘इतक्या घाईने जातोय,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘काहीतरी लपवतोय बघ.’

त्या दिवशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंचं घर हलवायचं होतं. एकट्याच राहायच्या. आयुष्यभर त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले होते आणि ओळखही तशीच करून दिली, ‘मी ऑपरेटर. नाव विचारू नका, आवाज लक्षात ठेवा.’ शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची भाची राहत होती, तिने वरच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी रंगवून ठेवल्या होत्या. अकरापर्यंत घर मोकळं करून द्यायचं होतं, कारण नवे भाडेकरू त्याच दिवशी यायचे होते.

वहिनी आणि वन्सं सात वाजताच कामाला लागल्या. वन्संनी एकेक कप असा गुंडाळला, की ऑपरेटरबाई म्हणाल्या, ‘मला कुणी इतक्या मायेने पांघरूण घातलं नव्हतं.’ लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तीस-बत्तीस फेऱ्या झाल्या असतील. शेवटच्या चार-पाच फेऱ्यांना ती कण्हत होती, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखी मध्येच थांबत होती. वहिनींनी ते ऐकलं, पण घड्याळात पावणेअकरा झाले होते. फळी लावली, दोर आवळले, चढून सीटवर बसल्या आणि किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. समोरच्या काट्यांमागचे दिवे लुकलुकले आणि मंद झाले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नव्या भाडेकरूंचा ट्रक येऊन उभा राहिला आणि त्याने भोंगा वाजवला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. गल्ली अरुंद, वहिनींचा ट्रक मधोमध, हौद्यात एका बाईचा सगळा संसार, आणि ती बाई फुटपाथवर आपल्याच आरामखुर्चीत कुंडी मांडीवर घेऊन बसलेली. वहिनींचे कान तापले. बस चालवताना त्यांनी मुलांना एकदाही वाटेत अडकवलं नव्हतं.

पण भोंगा वाजवणारा ड्रायव्हर भांडायला आला नव्हता. त्याने दिवे पाहिले, सेल्फचा आवाज ऐकला, काही न विचारता आपला ट्रक जवळ आणला, सीटखालून जाड वायरी काढल्या, दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या जोडल्या आणि म्हणाला, ‘आता मारा.’ इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं.

‘आता बंद करू नका,’ तो वायरी गुंडाळत म्हणाला. ‘सरळ बॅटरीवाल्याकडे जा. पुलाच्या अलीकडे, लोहाराच्या शेजारी. फार बोलत नाही, पण फसवत नाही.’

वहिनींनी त्याला चहाचं विचारलं. तो म्हणाला, ‘गल्ली मोकळी करा, तोच चहा.’

मग ऑपरेटरबाईंना केबिनमध्ये मध्ये बसवलं, आरामखुर्ची मागे कोंबली आणि तिघी निघाल्या. वन्संचं तोंड सुरू झालं.

‘मी तेव्हाच म्हटलं होतं. मेलेल्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या त्या उस्तादाने. दोन बायका बघितल्या आणि साधली वेळ. म्हणून तर तोंड चुकवून पळाला.’

वहिनींनी गिअर बदलला. गोष्ट मनाला पटत होती, आणि पटत होती याचंच वाईट वाटत होतं. त्या माणसाचा चेहरा बघून त्यांनी गाडी घेतली होती. चेहराच वाचता येत नसेल तर मग काय वाचता येतं आपल्याला?

‘त्यांना फोन केलात का?’ ऑपरेटरबाईंनी कुंडी सावरत विचारलं.

‘कशाला?’ वन्सं म्हणाल्या. ‘कबूल करणार आहे का तो?’

‘ते मला नाही माहीत. पण आरोप करायचा तर समोरच्याला ऐकू जाईल असा करावा. चाळीस वर्षं मी तारेवर बसून ऐकलंय. निम्मी भांडणं नुसती फोन न लागल्यामुळे झालेली असतात.’

बॅटरीवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीला लाकडी मांडण्या, त्यांवर ओळीने बॅटऱ्या, जमिनीवर आम्लाचे पांढरट डाग. बॅटरीवाला पन्नाशीचा होता. आम्लाने शर्टाला इतकी बारीक भोकं पडलेली, की शर्ट जाळीचाच घेतला असावा असं वाटे. वहिनींनी ट्रक दारात लावला, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरून सरळ सांगितलं, ‘बॅटऱ्या गेल्यात. नव्या द्या.’

‘गेल्यात असं कोण म्हणतं?’ त्याने विचारलं.

‘गाडी सुरू होत नाही.’

‘माझी मेहुणी सकाळी उठत नाही. म्हणून ती गेली असं नाही म्हणत आम्ही.’ तो मीटर घेऊन बाहेर आला. ‘आधी बघू. घाई असेल तर पुढच्या चौकात दुकान आहे, ते लगेच देतील.’

घाई होतीच. तरी वहिनी थांबल्या. सीटच्या बाजूचं झाकण त्यांनी स्वतः उचलून दिलं. आत दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. तो वाकला तेवढ्यात त्यांनी रस्त्याच्या कडेला जाऊन उस्तादांना फोन लावला. मनात होतं त्यापेक्षा शब्द कडक निघाले. तीन महिन्यांत गाडी रस्त्यात बंद पडली, गिऱ्हाइकाचं सामान आत आहे, बॅटऱ्यांचं तुम्ही सांगायला हवं होतं, असं त्या एका दमात बोलल्या.

‘कुठे आहात?’ उस्तादांनी विचारलं.

वहिनींनी दुकान सांगितलं आणि फोन कट झाला.

‘बघ,’ वन्सं म्हणाल्या, ‘ठेवला की नाही?’

बॅटरीवाल्याने इंजिन चालू असताना मीटर लावला आणि मान हलवली. डायनामो ठीक होता. गाडी चालताना बॅटऱ्यांना हवा तेवढा करंट मिळत होता. मग इंजिन बंद करायला लावलं, वायरी सोडल्या आणि एका मोठ्या चिमट्यासारख्या यंत्राने दोन्ही बॅटऱ्यांवर आळीपाळीने भार टाकला. पहिलीचा काटा घसरला, पण तग धरून राहिला. दुसरीचा धपकन खाली बसला.

‘एक गेलीय,’ तो म्हणाला. ‘दुसरी वाटेवर आहे. पण का गेली ते कळल्याशिवाय नवी बसवायची म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.’

तेवढ्यात सायकलवरून उस्ताद आले. शर्टाची बटणं एकेक घर चुकून लागलेली, श्वास फुललेला, एक गुडघा हाताने दाबत ते उतरले. वन्संनी पदर खोचला. पण उस्तादांनी कुणाकडे न बघता आधी ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवला. मग वहिनींकडे वळले.

‘खालचा स्विच बंद करता ना?’ त्यांनी विचारलं.

‘कुठला स्विच?’

उस्तादांनी डोळे मिटले. मग केबिनमध्ये अर्धे चढून ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि एक लाल मूठ दाखवली. वहिनींनी ती कधी पाहिलीच नव्हती. वर पायपुसणं होतं.

‘लिफ्टची पेटी रात्रभर जागी असते,’ ते म्हणाले. ‘थोडा थोडा करंट पीत बसते. गाडी उभी केली की मी ही मूठ फिरवून करंट तोडायचो, बावीस वर्षं. हात आपोआप जायचा. म्हणून सांगायचंच राहिलं. बॅटऱ्या दीड वर्षापूर्वीच घातल्यात, पावती आहे घरी. पण चूक माझीच. त्या दिवशी मला…’ ते अडखळले. ‘त्या दिवशी मला तिथे उभं राहवेना. किल्ली दिली आणि निघालो. लोकांनी बघायला नको होतं.’

काय बघायला नको होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. वहिनींना बस परत करायचा दिवस आठवला. त्याही डेपोच्या मागच्या दाराने निघाल्या होत्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं आपण केलं, हे त्यांच्या मनाला लागलं.

‘मी फोनवर फार बोलले,’ त्या म्हणाल्या. ‘माफ करा.’

‘आणि नुसत्या मुठीने एवढं होत नाही,’ बॅटरीवाला मध्येच म्हणाला. ‘लिफ्ट चालवताना इंजिन चालू ठेवता ना?’

आता वन्संनी नजर चुकवली. कपबशी फुटल्यावर दुकानात जसं उभं राहावं तशा त्या उभ्या होत्या.

‘ते माझं डोकं,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘डिझेल वाचवायला. वहिनी चालू ठेवायची, मी जाऊन बंद करायचे. मला वाटलं, नुसतं उभ्या उभ्या कशाला जाळायचं.’ मग उस्तादांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, ‘आणि सगळ्या रस्ताभर मी तुमच्या नावाने खडे फोडत आले. यांना विचारा.’

ऑपरेटरबाई केबिनच्या खिडकीतून म्हणाल्या, ‘माझ्या कानावर काही आलं नाही. लाइन खराब होती.’

उस्ताद पहिल्यांदा हसले.

आता निवड करायची होती. बॅटरीवाल्याने तीन प्रकार समोर आणून ठेवले. पहिली सर्वांत मोठी, बंद झाकणाची, पाणी घालायला नको. वन्संचा हात लगेच तिच्यावर गेला. एकदा घ्यावं ते दांडगं घ्यावं, म्हणजे पुन्हा गल्लीत अडकायला नको. दुसरी लहान आणि स्वस्त. वहिनींनी ती उचलून पाहिली. गाडी सुरू झाली म्हणजे झालं, अशा हिशेबाने त्यांनी विचारलं, ‘जी मेली तेवढीच बदलली तर?’

‘तुम्ही नांगराला एक म्हातारा आणि एक तरणा बैल जुंपता का?’ बॅटरीवाल्याने विचारलं. ‘या दोन एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हातारी तरणीला ओढून खाली आणते. सहा महिन्यांत पुन्हा माझ्या दारात. मला चालेल, तुम्हाला चालणार नाही.’

‘म्हणजे जोडीच बदलायची.’

‘जोडीच. आता सांगा, रोज किती चालते गाडी?’

वहिनींनी सांगितलं. शहरातल्या शहरात, फार तर तासभर. कधी दोन दिवस उभीच. लिफ्टच्या फेऱ्या मात्र भरपूर.

‘मग ही मोठी घेऊ नका,’ तो म्हणाला, आणि वन्संनी हात काढून घेतला. ‘मोठा हंडा आणि बारीक धार. तासाभरात भरायची नाही, कायम अर्धी राहील आणि अर्धी राहूनच मरेल. शिवाय या खणात बसणारही नाही, टर्मिनल झाकणाला टेकेल. ही लहान घेतली तर इंजिन सुरू करेल, पण लिफ्ट तिला एका महिन्यात खाऊन टाकेल. तुम्हाला ही मधली हवी. हिच्या प्लेटा जाड आहेत. उपसा सहन करते. फक्त महिन्याला झाकणं उघडून पाणी बघावं लागतं.’

‘मी हीच घालायचो,’ उस्ताद म्हणाले.

‘पाणी मी बघेन,’ वन्सं म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. ‘दर एक तारखेला.’

मग बॅटरीवाल्याने आतून त्या प्रकारच्या दोन आणल्या, वरचा शिक्का वाचला आणि एक परत आत नेली. वहिनींनी कारण विचारलं. त्यांतली एक नुकतीच, दोन महिन्यांपूर्वी बनलेली होती, दुसरी आठ महिने मांडणीवर पडून. ‘जोडी म्हणजे एका महिन्याची,’ तो म्हणाला आणि आत बराच वेळ शोधत राहिला. शेवटी सर्वांत खालच्या मांडणीमागून कोळिष्टकं झटकत त्याच महिन्याची जुळी काढून आणली. एवढं शोधलं नसतं तरी वहिनींना काही कळणार नव्हतं. ती गोष्ट त्यांच्या मनात फार खोल गेली.

आधी लाल मूठ बंद करून बसवण्याचं काम उस्तादांनी आणि त्याने मिळून केलं. उस्ताद गुडघ्यामुळे वाकू शकत नव्हते, म्हणून पाना हातात देत होते आणि कुठला नट उलटा फिरतो ते सांगत होते. टर्मिनलवरची हिरवी बुरशी गरम पाण्याने धुतली, वर ग्रीस लावलं, पट्टी आवळली. जुन्या बॅटऱ्या दुकानातच ठेवल्या, त्याचे पैसे वजा झाले. वहिनींनी किल्ली काढली आणि उस्तादांपुढे धरली.

‘तुम्ही मारा.’

‘नको. गाडी तुमची आहे आता.’

‘म्हणूनच मी सांगतेय.’

ते सावकाश चढले. किल्ली फिरवण्याआधी त्यांचा हात सीटखाली गेला, मूठ फिरली, आणि इंजिन असं अलगद उठलं की हौद्यातल्या कपबश्यासुद्धा किणकिणल्या नसतील. उस्ताद दोन्ही हात चाकावर ठेवून थोडा वेळ बसले. मग बाजूला सरकले आणि वहिनींना जागा करून दिली.

निघताना वहिनी बॅटरीवाल्याला म्हणाल्या, ‘तुम्ही मोठी दिली असती तर आम्ही घेतली असती.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला आणि चिमटा पुसू लागला.

सायकल मागे बांधली आणि चौघं दाटीवाटीने बसले. ऑपरेटरबाईंचं सामान दीडच्या आत उतरलं, इंजिन चालू ठेवून, आणि बटणाशी स्वतः वन्सं उभ्या होत्या. भाची दारातच वाट बघत होती. रंगवलेल्या खोल्यांत आरामखुर्ची खिडकीशी मांडून झाली, तेव्हा ऑपरेटरबाईंनी तिघांचे हात आळीपाळीने हातात घेतले. ‘घर सोडताना आज रडू येईल अशी मला खात्री होती,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही वेळच ठेवला नाहीत. उपकार झाले.’

उस्ताद म्हणाले, ‘मला इथेच सोडा, मी सायकलने जातो.’ वहिनींनी ऐकलं नाही. त्या गुडघ्यांनी पुन्हा एवढं अंतर? त्यांनी पत्ता विचारला आणि ट्रक त्यांच्या दारापर्यंत नेला.

ट्रक कोपऱ्यावर वळला तेव्हाच एका बैठ्या घराचं दार उघडलं. उस्तादांच्या पत्नी बाहेर आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. इंजिनाचा आवाज त्यांनी स्वयंपाकघरातून ओळखला होता. ‘परत केली की काय त्यांनी?’ त्यांनी घाबरून विचारलं.

‘नाही हो,’ वहिनी म्हणाल्या. ‘यांना पोचवायला आलोय. आज यांच्यामुळे आमची लाज राहिली.’

त्या जवळ आल्या. ट्रकच्या दाराला हात लावला, पिठाचा पंजा उमटला, तो पदराने पुसला. मग वर केबिनकडे बघत म्हणाल्या, ‘आतून कशी आहे हो?’

‘म्हणजे? तुम्ही बसला नाहीत कधी?’

‘बावीस वर्षांत एकदाही नाही. म्हणायचे, ती कामाची जागा आहे.’

वन्संनी उस्तादांकडे असं पाहिलं, की त्यांना सायकलच्या दोऱ्या सोडायचं एकदम आठवलं. दोऱ्या सोडता सोडता ते पुटपुटले, ‘सीट फाटकी होती तेव्हा. मग राहूनच गेलं.’

वन्सं खाली उतरल्या आणि जागा रिकामी झाली. वहिनींनी वरून हात दिला, खालून उस्तादांनी आधार दिला, आणि बाई पायऱ्या चढून खिडकीशी जाऊन बसल्या. पीठ धुवायलाही त्या थांबल्या नाहीत. उस्ताद मध्ये बसले, अंग चोरून, पाहुण्यासारखे.

‘कुठे न्यायचं?’ वहिनींनी विचारलं.

बाईंनी जरा विचार केला. ‘बाजारावरून न्या,’ त्या म्हणाल्या. ‘आणि सावकाश. सगळे ओळखीचे आहेत तिथे.’

वहिनींनी पहिला गिअर टाकला. वन्सं दारात सायकल धरून उभ्या राहिल्या आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होत्या. बाजारात वहिनींनी गाडी इतकी हळू नेली, की मागच्या रिकाम्या हातगाड्यासुद्धा पुढे निघून गेल्या. बाईंनी काच पूर्ण खाली केली होती, कोपर बाहेर काढलं होतं, आणि त्या दुकानादुकानातल्या माणसांना नावाने हाक मारून सांगत होत्या, ‘अहो, इकडे. वर बघा, वर.’